डॉक्टरांच्या टेबलावरच्या बांगड्या

नसीमचा फोन आला तेव्हा मी नववी 'ब'ची हजेरी घेत होते. वर्गात फोन घ्यायचा नाही हा नियम शाळेत मीच लावलेला, त्यामुळे दोनदा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मुलंच गप्प झाली. "बाई, अम्मी गई," एवढंच नसीम म्हणाली. उरलेली हजेरी मी पुरी केली की नाही, आठवत नाही. त्याला आता दोन महिने होऊन गेले. लासूर स्टेशनच्या बाजारात तिच्या अम्मीचं, म्हणजे आमच्या हमीदाखालांचं, बांगड्यांचं दुकान अजून बंद आहे आणि मी रोज शाळेतून येताना, बंद आहे हे माहीत असूनही, त्या बाजूला बघते. ज्यांनी खालांचं नाव कधी ऐकलं नाही त्यांना एवढंच सांगते, की चौथी नापास झालेल्या या बाईनं आमच्या आसपासच्या कितीतरी बायकांना छातीच्या तपासणीसाठी शहराच्या दवाखान्यात नेलं. मलाही नेलं. फक्त पोटची मुलगी नसीम तेवढी त्यांच्याबरोबर कधी गेली नाही. खालांच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांना दुसरी कसली काळजी नव्हती. त्या एका गोष्टीचा घोर मात्र त्यांनी जाईपर्यंत सोडला नाही.

खाला बांगड्या कशा भरायच्या ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. काचेची बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडते. बाई तिथं हात आखडते, आणि हात आखडला की बांगडी वाढवलीच म्हणून समजा. खाला तुमचा हात हातात घ्यायच्या, चेपायच्या, आणि बरोब्बर त्या हाडाशी आल्या की काहीतरी विचारायच्या. "भाजीला काय केलं आज?" तुम्ही म्हणायचात, "दोडका," आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर आलेली असायची. मी लहान असताना आईबरोबर जायचे तेव्हापासून हे बघत आले, तरी दर वेळी फसत आले. "सोड गं हात. हात आता माझा हाय, तुझा नाय," असं त्या म्हणायच्या. डोळे मिटून, नुसता हात दाबून माप सांगायच्या. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. माप चुकलं असं कधी झालं नाही. पन्नास वर्षं त्यांनी बायकांचे हात हाताळले, त्यामुळे कुणाचं कसं चाललंय हे त्यांना चेहऱ्याआधी हातावरून कळायचं.

आणि याच बाईची स्वतःची गाठ उशिरा सापडली. का, तर बांगड्यांमुळे. त्यांचा डावा हात हळूहळू सुजत चालला होता. दोन-सहाची बांगडी डाव्या हाताला घट्ट व्हायला लागली, म्हणून त्यांनी काय करावं? डाव्या हातात दोन-आठच्या घातल्या! उजव्यात दोन-सहा, डाव्यात दोन-आठ, असं सहा महिने दुकान चालवलं. दुसरी कुठलीही बाई बांगडी रुतते म्हणून कुरकुरली असती, कुणाला तरी दाखवायला गेली असती. यांच्या मागं तर भिंतभर बांगड्या टांगलेल्या... मोठी काढली आणि घातली. काखेतली गाठ हाताला लागली तेव्हा ती चांगलीच मोठी झालेली होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हातावर सूज कधीपासून आहे?" खाला म्हणाल्या, "दोन-सहाची दोन-आठ झाली तवापासून." डॉक्टरीणबाईंना काही उमजलं नाही. हा किस्सा खाला सगळ्यांना सांगायच्या, स्वतःवर पोट धरून हसायच्या, आणि हसून झालं की समोरच्या बाईचे दोन्ही हात पुढं ओढून मापं घ्यायच्या. उजव्या हाताचं काम जास्त म्हणून तो किंचित भरतो, ते ठीक. पण डावा उजव्यापेक्षा मोठा लागला, किंवा कुठलाही हात वर्षभरात एकदम बदलला, की त्या बाईची सुटका नव्हती. आणि हातात काहीच सापडलं नाही तरी त्या सोडायच्या नाहीत. "हात सुजायची वाट बघशील तर माझ्यासारखी उशिरा पोचशील," असं त्या ठणकावून सांगायच्या.

उपचारांत त्यांना पर्याय असे फारसे मिळालेच नाहीत. सुईनं तुकडा काढून तपासला, मग गाठ लहान व्हावी म्हणून आधी केमो, मग डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढायचं ऑपरेशन, मग किरणं, ज्याला आमच्याकडं शेक म्हणतात, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं रोजची गोळी. केस गेले, परत आले, कुरळे आले. खालांना त्याची मोठी गंमत वाटायची. फक्त एक गोष्ट कायमची गेली. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताला सुई, रक्तदाबाचा पट्टा, घट्ट बांगडी, काहीच नको असं नर्सनं बजावलं होतं. म्हणजे उजवा हात भरलेला, डावा मोकळा. त्यांचे यजमान, चाचा, तेव्हा हयात होते. नवरा जिवंत असताना बांगडीवालीचाच एक हात रिकामा, याची बाजारात कुजबुज झाली. दोन-तीन घरांनी लग्नाचा चुडा दुसरीकडून भरून घेतला. ज्या घरांत तीन पिढ्यांना खालांनी बांगड्या भरल्या होत्या, ती ही घरं. मला कळलं तेव्हा माझा असा संताप झाला की मी त्यांतल्या एकीला रस्त्यात अडवून चार शब्द ऐकवले. खालांनी मात्र काय केलं असेल? डावी बाही कोपरापर्यंत दुमडली आणि तो रिकामा हात गल्ल्यावर ठेवून बसायला लागल्या. कुणी बघितलं की आपण होऊन सांगायच्या, "छातीचा कॅन्सर झाला होता. काढून टाकली." मोठ्यानं, भर बाजारात. समोरची बाई शरमून मान खाली घालायची, तर वर म्हणायच्या, "छाती म्हनायला लाजतीस व्हय? मग पोरं काय कानानं दूध प्याली?" आपल्याकडं या आजाराचं नाव घरातसुद्धा कुजबुजत घेतात. मी त्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून ते ऐकलं. माणूस इतकं निर्भय असू शकतं हे मी तोवर नुसतं पुस्तकातच वाचलं होतं.

आता माझ्याबद्दल. मी विज्ञान शिकवते. पेशी कशी विभागते हे फळ्यावर रंगीत खडूनं काढून दाखवते, आणि आकृतीला नावं दिली नाहीत तर मुलांचे गुण कापते. तर मला आंघोळ करताना छातीत उजव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ लागली आणि मी तीन महिने ती कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. रोज सकाळी चाचपून बघायची, आहे का, आहे... आणि साडी नेसून शाळेत जायचं. मोठी शहाणी! पुतण्याचं लग्न आलं म्हणून मी खालांकडं बांगड्या भरायला गेले. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडाशी आली आणि त्यांनी विचारलं, "कशाच्या विचारात हाईस?" मी म्हणाले, "गाठीच्या." बांगडी मनगटावर आली. मी काय बोलून बसले ते मलाच नंतर ऐकू आल्यासारखं झालं. खाला थांबल्या नाहीत. राहिलेल्या बांगड्या त्यांनी एकेक करून भरल्या, हात पुसला, आणि म्हणाल्या, "उद्या पहिल्या गाडीनं औरंगाबाद." मी म्हटलं, उद्या शाळा आहे. "शाळा तुझ्या आधी बी होती," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर त्या माझ्या आधी येऊन बसल्या होत्या.

दवाखान्यात गेल्यावर पहिली फजिती झाली ती पावडरीची. डॉक्टरकडं जायचं म्हणून मी स्वच्छ आंघोळ करून, काखेत भरपूर पावडर लावून गेले होते. मॅमोग्राफीच्या खोलीतल्या मुलीनं मला परत बाहेर पाठवलं, कारण पावडरीचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगीच घोटाळा होतो. न्हाणीघरात ओल्या रुमालानं काखा पुसताना मला रडू आलं आणि खाला बाहेर दाराशी हसत होत्या. "समद्या जणी लावून येतात. म्हातारी पन लावून येते," त्या म्हणाल्या. पुढं जिला जिला त्या घेऊन जायच्या तिला आदल्या दिवशी सांगायच्या, "पावडर नक्को." यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबतात तेव्हा दुखतं, खोटं कशाला बोलू, पण ते दुखणं घटकाभराचं असतं. मी तीन महिने जे सोसलं त्याच्यापुढं ते काहीच नव्हतं. मग सोनोग्राफी झाली, मग सुईची तपासणी, आणि आठवड्यानं रिपोर्ट. कॅन्सर होता. लहान होता, पण होता.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंना भेटायला गेलो त्या दिवशी गाडीत खालांनी मला विचारलं, "काय काय विचारायचंय?" मी वही काढायला लागले तर म्हणाल्या, "वही ऱ्हाऊ दे. आत गेल्यावर वाचायचं भान ऱ्हात नाय." त्यांनी पिशवीतून बांगड्या काढल्या. मी एक प्रश्न बोलायचे आणि त्या एक बांगडी बाजूला काढायच्या. हिरवी म्हणजे नुसती गाठ काढायची की सगळं काढायचं. लाल म्हणजे केमो लागेल का. पिवळी म्हणजे शेकाला रोज लासूरहून येऊन-जाऊन जमेल का. जांभळी म्हणजे शाळेत कधी जाता येईल. स्वतःच्या आजारपणात त्यांनी ही रीत बसवली होती, कारण लिहिणं जमत नव्हतं आणि डॉक्टरांसमोर बसलं की सगळं विसरायला व्हायचं. आत गेल्यावर त्यांनी चारही बांगड्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. बाहेर ही रांग! डॉक्टरीणबाईंनी एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा बांगड्यांकडं, आणि पेन खाली ठेवलं. त्या खालांना ओळखून होत्या. जवाब मिळाला की खाला ती बांगडी उचलून आपल्या उजव्या हातात घालायच्या, आणि टेबल मोकळं झाल्याशिवाय उठायच्या नाहीत.

लाल, पिवळी, जांभळी उचलून झाल्या. हिरवी राहिली. डॉक्टरीणबाई तिचंही समजावत होत्या, तर मी घाबरून मध्येच म्हणाले, "सगळंच काढून टाका, डॉक्टर." मला वाटलं, विषय संपला. पण खालांनी हिरवीला हात लावला नाही. "डॉक्टर काय बोलली ते तू ऐकलंच नाय. परत विचार," त्या म्हणाल्या. मी परत विचारलं. डॉक्टरीणबाईंनी परत समजावलं, कागदावर आकृती काढून, जशी मी मुलांना काढून दाखवते. माझ्यासारख्या लहान गाठीत नुसती गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून नंतर किरणं पुरी घेतली, तर जीव वाचण्याच्या दृष्टीनं ते सगळं काढण्याइतकंच भरवशाचं. काखेतल्या पहिल्या एक-दोन ग्रंथी तपासायच्या, त्या साफ असल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. सगळं काढायचं असेल तर तेही करता येईल, पण ते भीतीपोटी नको, समजून हवं. खाला माझ्याकडं वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला कुनी विचारलंच नाय, कारन मी उशिरा आले. तुला विचारतायत. मग जवाब घाईत देऊ नको." मी तो आठवडाभर विचार करून दिला. नुसती गाठ काढली, शेक पुरा घेतला, एक दिवस चुकवला नाही. दुसऱ्या एखादीला दुसरं योग्य ठरेल. पण ठरवणारी मी होते, आणि मला त्या खुर्चीत बसवून ठेवलं ते एका हिरव्या बांगडीनं.

त्यानंतर मी त्यांची शिष्या झाले म्हणा. सुटीच्या दिवशी आम्ही बायकांना घेऊन जायचो. कुणी सासूला न सांगता यायची, कुणी नवऱ्याला बांगड्या घ्यायला जाते म्हणून सांगून. तपासणी झाली की खाला शहागंजच्या बाजारात बांगड्यांचा माल घ्यायला थांबायच्या, म्हणजे घरी सांगितलेलं खोटंही ठरायचं नाही. बहुतेकींना काही निघायचं नाही आणि त्या परतीच्या वाटेवर मोठमोठ्यानं गप्पा मारायच्या. डॉक्टरीणबाई खालांना दर वेळी विचारायच्या, "तुमची मुलगी कधी येणार? आईला झालेलं असलं की मुलीनं लवकर सुरुवात करावी." नसीम वेरूळला दिलेली. जावयाचं लेण्यांच्या रस्त्याला छोटं दुकान, दोन मुली, थोरली बारावीला. खाला तिच्यापुढं हा विषय काढायच्या आणि दर वेळी हात हलवत परत यायच्या. एकदा माझ्यासमोरच झालं. नसीम म्हणाली, "अम्मी, तुम्हारे हात की बात पूरे तालुके को मालूम है. अब मेरा भी नाम उसमें? कल मेरी पोट्ट्यों से शादी कौन करेगा? खानदानी बीमारी बोलेंगे." हमीदाखाला नुसता तिचा हात हातात घेऊन चेपत बसल्या. मला कुठला धीर! मी नसीमला फाडफाड बोलले, शिकलेली असून अडाण्यासारखी वागतेस वगैरे. जे बोलायला नको तेही बोलले. नसीम वर्षभर माझ्याशी बोलली नाही आणि वेरूळहून लासूरला येणंही तिनं कमी केलं. ती चूक माझी होती. खालांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, हे जास्त लागलं.

मग त्यांची पाठ दुखायला लागली. दिवसभर खाली बसून काम, दुखणारच, असं आम्ही म्हणालो. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, आजार हाडांत परत आला होता. ती दवाखान्याची फेरी मी विसरू शकत नाही. गाडीत त्यांनी पाच बांगड्या काढल्या होत्या, कुठली कशाची हे मला सांगितलं नव्हतं. टेबलावर चारच ठेवल्या, एक निळी मुठीत राहिली. पहिल्या बांगडीवर बोट ठेवून विचारलं, "मी बरी होनार का?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग सरळ म्हणाल्या, "खाला, हा आता पूर्ण जाणार नाही. औषधांनी थोपवून धरू, दुखणं कमी ठेवू." मी खाली बघत राहिले. काचेचा आवाज आला म्हणून वर बघितलं, तर खाला ती बांगडी उजव्या हातात घालत होत्या. नेहमीसारखी, घाई न करता. "जवाब मिळाला," त्या म्हणाल्या. "पसंद नाय पडला. पन मिळाला." आणि पुढच्या बांगडीवर बोट ठेवलं... आयुष्यात मी मोठमोठी भाषणं ऐकली आहेत. त्या दोन वाक्यांपुढं मला त्यांतलं काही आठवत नाही. परत येताना मी मुठीतल्या बांगडीबद्दल विचारलं. खिडकीतून बाहेर बघत त्या म्हणाल्या, "ती डॉक्टरची नाय. तिचा जवाब वेरूळला हाय."

शेवटचे दोन महिने नसीम माहेरी येऊन राहिली. आईचं सगळं तिनं केलं, मी नुसती जाऊन बसायचे. आम्ही दोघी त्या अंथरुणाच्या दोन बाजूंना, कामापुरतं बोलत. तपासणीचा विषय खालांनी काढला नाही, मीही नाही. खालांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेले तेव्हा जेवणं उरकल्यावर नसीमनं मला आतल्या खोलीत बोलावलं. तिच्या हातात एक निळी बांगडी होती. "अम्मीनं जाताना दिली. बोली, बाईला विचार कशाची हाय." तोंडाशी आलेलं भाषण मी गिळलं. मग तिला टेबलावरच्या बांगड्यांची रीत सांगितली. "ही त्यांनी टेबलावर ठेवली नव्हती. हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न नव्हता." नसीमनं विचारलं, "मग कोनता?" मी म्हणाले, "नसीम येईल का, हा." तिनं ती बांगडी मुठीत धरली, अगदी आई धरायची तशी. मी चप्पल घालून निघाले.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. या वेळी मी पहिल्या रिंगलाच उचलला, वर्गात मुलं बघत असताना. "बाई, पावडर नहीं लगाने का ना?" एवढंच तिनं विचारलं.

गेल्या आठवड्यात आम्ही गेलो. नसीमला तिथं काय सांगितलं, रिपोर्ट काय आला, ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे, तिला वाटलं तर ती भर बाजारात सांगेल. मी फक्त मॅमोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकाचं सांगते. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो लाकडासारखा ताठ होता. तिनं पिशवीतून ती निळी बांगडी काढून माझ्यापुढं धरली. जवाब मिळालेली बांगडी हातात जाते, हे मीच तिला सांगितलं होतं. मला बांगड्या भरता येत नाहीत, जन्मात कुणाला भरल्या नाहीत. मी तिचा पंजा जमेल तसा चेपला, अंगठा आत दाबला, आणि बांगडी हाडाशी अडली. "नसीम," मी विचारलं, "भाजीला काय केलं आज?" ती माझ्याकडं बघत राहिली. "वांगं," ती म्हणाली, आणि हात सैल पडला. बांगडी मनगटावर गेली. दोन-सहा, आईचंच माप. तेवढ्यात आतून तिच्या नावानं हाक आली आणि डोळे पुसून ती उठली.